रिॲक्ट, व्ह्यू, स्वेल्ट, नेक्स्ट... तुलनेच्या तक्त्यात कोणाला बसवायचं?

एका तक्त्यात रिॲक्ट पहिलं, दुसऱ्यात स्वेल्ट, तिसऱ्यात अँग्युलर. नवं काम सुरू करण्याआधी कोणतं जावास्क्रिप्ट फ्रेमवर्क घ्यावं हे शोधायला बसलेला माणूस तासाभरात असे तीन तक्ते वाचतो आणि होता त्यापेक्षा जास्त गोंधळतो. आकडे बहुतेक वेळा खरे असतात. गफलत त्याआधीच झालेली असते, तक्त्यात कोणत्या ओळी ठेवायच्या हे ठरवताना. यादी ठरली की अर्धा निकाल लागलेला असतो, आणि तरीही बहुतेक तुलनांमध्ये यादी कशी ठरवली याबद्दल एक वाक्यही सापडत नाही.

## फ्रेमवर्क नेमकं करतं काय?

समजा, पानाच्या माथ्यावर न वाचलेल्या संदेशांचा आकडा आहे, बाजूच्या पट्टीत तोच आकडा पुन्हा आहे आणि खाली संदेशांची यादी आहे. एक संदेश उघडला की तिन्ही ठिकाणी बदल व्हायला हवा. ब्राउझर पानाचा आराखडा स्वतःच्या स्मृतीत झाडासारखा मांडून ठेवतो, त्याला डॉम म्हणतात. २००६ साली आलेल्या जेक्वेरीने या झाडाची हवी ती फांदी शोधून बदलणं सोपं केलं. पण तिन्ही फांद्या आठवणीने बदलायचं काम प्रोग्रामरच्याच डोक्यावर राहिलं. एक राहून गेली की वर ४ आणि बाजूला ५.

आजची फ्रेमवर्क हे ओझं उचलतात. माहिती एका जागी ठेवायची, तिला स्टेट म्हणतात, आणि त्या माहितीवरून पान कसं दिसावं एवढंच लिहायचं. माहिती बदलली की डॉममध्ये कुठे हात लावायचा ते फ्रेमवर्क बघून घेतं. रिॲक्ट २०१३ चं, व्ह्यू २०१४ चं, स्वेल्ट २०१६ चं. तिघांच्याही मुळाशी हीच कल्पना आहे. वाटा मात्र वेगळ्या. रिॲक्ट पानाचं नवं चित्र तयार करतं आणि जुन्याशी ताडून फरक तेवढा डॉममध्ये उतरवतं. सॉलिड कोणतं मूल्य पानावर कुठे वापरलंय याची नोंद ठेवतं आणि नेमकी तीच जागा बदलतं. स्वेल्ट हा कंपायलर आहे, म्हणजे आपण लिहिलेल्या कोडचं रूपांतर तो ब्राउझरकडे जाण्याआधीच करून टाकतो.

## कापड आणि शिवलेला सदरा

तुलनेतली सर्वांत मोठी चूक इथे होते. रिॲक्ट स्वतःला लायब्ररी म्हणवतं. पान रंगवण्याचं काम ते करतं, पण पत्त्यानुसार वेगळं पान दाखवणारा राउटर त्यात नाही, सर्व्हरकडून माहिती आणून ती साठवून ठेवण्याची सोय नाही, फॉर्म तपासण्याची नाही. अँग्युलरमध्ये राउटर, फॉर्म, सर्व्हरशी बोलणारं साधन हे सगळं त्याच चमूकडून येतं. दोघांना शेजारी उभं करून 'रिॲक्ट हलकं, अँग्युलर जड' म्हणणं म्हणजे कापडाचं वजन शिवलेल्या सदऱ्याच्या वजनाशी ताडून बघणं. अस्तर, बटणं, खिसे लागल्यावर कापड किती भरेल ते बघा आणि मग बोला.

म्हणून नावं लिहिण्याआधी थर पाडावेत. सर्वांत खालचा थर नुसतं पान रंगवणाऱ्यांचा: रिॲक्ट, प्रिॲक्ट, सॉलिड, लिट, आणि गाभ्यापुरतं बोलायचं तर व्ह्यू व स्वेल्टही. त्याच्या वर अख्खा पुढचा भाग सांभाळणारे अँग्युलर आणि एम्बर. आणखी वर, खालच्या थरातलं एखादं साधन पोटात घेऊन सर्व्हरवर पान तयार करणं, राउटर, बांधणी (कोड ब्राउझरकडे पाठवण्याजोगा करणं) हे सगळं देणारी मेटाफ्रेमवर्क: रिॲक्टवर नेक्स्ट, व्ह्यूवर नक्स्ट, स्वेल्टवर स्वेल्टकिट. एक्स्प्रेस आणि फास्टिफाय यांचं घरच निराळं. ती सर्व्हरवर विनंत्या हाताळतात, पान रंगवण्याशी त्यांचा संबंध नाही. 'जावास्क्रिप्ट फ्रेमवर्क' या नावाखाली तीही पुढच्या बाजूच्या यादीत घुसतात, एवढंच.

'रिॲक्ट विरुद्ध नेक्स्ट' हा सामना त्यामुळे होऊच शकत नाही, कारण नेक्स्टच्या पोटात रिॲक्टच आहे. मजकुराची संकेतस्थळं बांधणाऱ्या ॲस्ट्रोचंही तसंच: त्याच्या पानात रिॲक्टचा, व्ह्यूचा किंवा स्वेल्टचा कंपोनंट, म्हणजे पानाचा सुटा तुकडा, बसवता येतो, मग ते त्यांचं प्रतिस्पर्धी कसं?

वेगवेगळ्या थरांतल्यांची तुलना करायचीच असेल तर आधी थर भरून घ्यावा लागतो. अँग्युलरसमोर रिॲक्ट ठेवायचं तर ओळीचं नाव 'रिॲक्ट' असं न लिहिता 'रिॲक्ट, रिॲक्ट राउटर आणि टॅनस्टॅक क्वेरी' (शेवटचं सर्व्हरकडची माहिती आणून साठवणारं) असं पूर्ण लिहावं, आणि वजन, वेग, शिकायला लागणारा वेळ सगळं त्या संपूर्ण संचाचं मोजावं. व्ह्यूच्या बाबतीत हे सोपं जातं, कारण व्ह्यू राउटर आणि स्टेट सांभाळणारं पिनिया ही दोन्ही व्ह्यूचीच अधिकृत साधनं आहेत. रिॲक्टमध्ये जोडीदार निवडणं हाच तुलना करणाऱ्याचा एक निर्णय असतो, आणि तो उघड लिहिला नाही तर वाचकाला कळतही नाही की निकाल कोणाचा आहे.

## प्रश्न आधी, नावं मग

'सर्वांत चांगलं कोणतं' या प्रश्नाला यादी नसते. प्रश्न नेमका झाला की यादी जवळजवळ आपोआप पडते.

नोकरीसाठी काय शिकावं हा प्रश्न असेल तर जिथे काम शोधायचं तिथल्या जाहिराती आणि आधीपासून चालू असलेला कोड महत्त्वाचा. रिॲक्ट, अँग्युलर, व्ह्यू यादीत येतात, आणि जुनी कामं सांभाळायची असतील तर जेक्वेरीसुद्धा. लॉगिनच्या आत चालणारं, फॉर्मांनी भरलेलं अंतर्गत साधन बांधायचं असेल तर अँग्युलर, व्ह्यूचा अधिकृत संच, रिॲक्टचा पूर्ण संच आणि स्वेल्टकिट ही नावं योग्य. शोधयंत्रांना दिसण्याची गरज नसल्यामुळे सर्व्हरवर पान तयार करण्याला तिथे गुण देऊ नयेत. उलट मजकूरच मजकूर असलेलं, वाचण्याचं संकेतस्थळ असेल तर ॲस्ट्रो पहिल्या रांगेत येतं, कारण मुळात ते ब्राउझरकडे जावास्क्रिप्ट पाठवतच नाही, सांगितलं तेवढीच पाठवतं.

पान अद्ययावत ठेवण्याच्या तंत्रांचा अभ्यास करायचा असेल तर लोकप्रियतेला काहीच अर्थ राहत नाही. तिथे प्रत्येक घराण्यातलं एक नाव हवं. हे पाळणं दिसतं त्यापेक्षा अवघड झालंय, कारण सिग्नल नावाची कल्पना, म्हणजे आपल्याला कोण वाचतंय हे ओळखणारं मूल्य, आता बहुतेकांनी घेतली आहे. सॉलिड त्यावरच उभं आहे, व्ह्यूचा गाभा त्याच जातीचा आहे, अँग्युलरने ती १६ व्या आवृत्तीत आणली आणि स्वेल्टने ५ व्या आवृत्तीत रून्स या नावाने. ही चारच घेतली तर एकाच तंत्राचे चार नमुने तपासून होतील. रिॲक्ट आणि प्रिॲक्ट ही जोडी मात्र इथे मोलाची: लिहायची पद्धत जवळपास तीच, आतली अंमलबजावणी वेगळी, त्यामुळे फरक कशामुळे पडला ते स्वच्छ दिसतं.

## दारावरच्या अटी

अट अशी लिहावी की दुसऱ्या कोणी ती लावली तरी तीच यादी हाती येईल. 'वापरण्याजोगं आणि सक्रिय' ही अट नाही, तो अभिप्राय आहे. 'गेल्या १२ महिन्यांत स्थिर आवृत्ती आली आहे, १.० ओलांडलं आहे, सुरक्षेच्या दुरुस्त्या कोणत्या आवृत्त्यांना मिळतात हे जाहीर आहे' ही अट आहे.

देखभालीची अट सर्वांत आधी लावावी, कारण ती सर्वांत जास्त नावं गाळते. अँग्युलरजेएसचा, म्हणजे अँग्युलरच्या जुन्या अवताराचा, अधिकृत आधार ३१ डिसेंबर २०२१ ला संपला, व्ह्यू २ चा ३१ डिसेंबर २०२३ ला. नव्या कामाच्या यादीत दोघांनाही जागा नाही. पण प्रश्न 'जुनं काम कुठे हलवावं' असा असेल तर व्ह्यू २ तक्त्यात हवंच, निघण्याचं ठिकाण म्हणून. त्याच्याशिवाय हलवण्याचा खर्च मोजणार कशाच्या तुलनेत?

परवान्याकडे बहुतेक जण ढुंकूनही पाहत नाहीत. २०१७ मध्ये रिॲक्टच्या परवान्यातल्या पेटंटविषयीच्या कलमामुळे अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनने आपल्या प्रकल्पांत त्याचा वापर बंद केला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रिॲक्ट बनवणाऱ्या फेसबुकने ते एमआयटी या मोकळ्या परवान्याखाली आणलं. त्या मधल्या काळात काही संस्थांच्या यादीत रिॲक्टला जागाच नव्हती, आणि कारण तांत्रिक नव्हतं. दहा मिनिटांत तपासून होणारी ही गोष्ट शेवटी निघाली तर महिन्याभराचं काम पाण्यात जातं.

## मग सरळ सर्वांत लोकप्रिय पाच घेतली तर?

चालेल, पण लोकप्रियता मोजताना खड्डे फार आहेत.

पॅकेजं जिथून उतरवतात त्या एनपीएमवरचे डाउनलोड हा सर्वांत वापरला जाणारा आकडा. तो माणसं मोजत नाही. एखाद्या चमूचं स्वयंचलित चाचणी यंत्र दिवसातून पन्नास वेळा सगळं नव्याने उतरवत असेल तर पन्नास वेळा मोजणी होते. नेक्स्ट बसवलं की रिॲक्टही येतं, म्हणजे नेक्स्टच्या यशाचा आकडा रिॲक्टच्या खात्यातही जमा होतो. त्या दोघांना एकाच आलेखावर ठेवून 'रिॲक्ट पुढे' म्हणण्यात काय अर्थ आहे?

नावांची गफलत याहून घातक आहे. एनपीएमवर नुसतं 'अँग्युलर' हे पॅकेज म्हणजे २०१० सालचं जुनं अँग्युलरजेएस. २०१६ मध्ये आलेलं नवं अँग्युलर '@अँग्युलर/कोअर' या नावाखाली आहे. शोधपट्टीत पहिलं नाव टाकलं की अँग्युलर मरायला टेकल्यासारखा आलेख दिसतो, आणि तो आलेख पुढे लेखांमध्ये फिरत राहतो. कोड जिथे ठेवतात त्या गिटहबवरच्या ताऱ्यांचंही, म्हणजे पसंतीच्या खुणांचंही, तेच. व्ह्यू २ आणि व्ह्यू ३ यांची भांडारं वेगळी आहेत. जुन्याकडे दोन लाखांहून जास्त तारे आहेत, नव्याकडे त्याच्या मानाने कितीतरी कमी. कोणतं भांडार उघडलं यावर व्ह्यू लोकप्रिय की दुर्लक्षित ते ठरतं.

सर्वेक्षणांतलं 'समाधान' वाचतानाही जपून. ते बहुधा 'पुन्हा वापराल का' या प्रश्नावर काढतात, आणि तेही फक्त ज्यांनी ते वापरलंय त्यांच्यातून. लहान फ्रेमवर्क वापरणारे बहुतेक जण हौसेने आलेले असतात, तर मोठं फ्रेमवर्क अनेकांवर नोकरीत लादलेलं असतं. लोकप्रियतेने यादी सुरू करावी, पण दोन वेगळ्या खुणा जुळल्याशिवाय कोणाला आत घेऊ नये किंवा बाहेर काढू नये.

## वेगाच्या शर्यतीत कोण कोणाबरोबर धावतं?

वेगाची तुलना म्हटली की जेएस-फ्रेमवर्क-बेंचमार्क हा प्रकल्प समोर येतो. १,००० ओळींचा तक्ता तयार करा, दर दहावी ओळ बदला, दोन ओळींची अदलाबदल करा, एक काढा, १०,००० ओळी तयार करा, अशा कामांचा वेळ त्यात मोजतात. त्यातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट निकालांच्या आकड्यांत नाही. नोंदी दोन वेगळ्या तक्त्यांत मांडलेल्या असतात, 'कीड' (keyed, म्हणजे प्रत्येक ओळीला 'की' किंवा ओळख दिलेलं) आणि 'नॉन-कीड' (ओळख न दिलेलं), आणि ही विभागणी समजली की यादी करण्याचं अर्धं शहाणपण समजलं.

रांगेत माणसं बसली आहेत, प्रत्येकाच्या गळ्यात नावाची पाटी आणि मांडीवर स्वतःची पिशवी. पहिल्याला घालवायचंय. कीड पद्धतीत तो माणूस पाटी आणि पिशवी घेऊन उठतो, बाकीचे तसेच राहतात. नॉन-कीड पद्धतीत त्याला कोणी उठवत नाही. सगळ्यांच्या गळ्यातल्या पाट्या एकेक जागा पुढे सरकवतात आणि शेवटच्या माणसाला बाहेर काढतात. नुसत्या पाट्या वाचत गेलात तर यादी अगदी बरोबर. पिशव्या मात्र सगळ्या चुकीच्या नावाखाली.

ब्राउझरमध्ये पिशवी म्हणजे चौकटीत अर्धवट टाइप केलेला मजकूर, कर्सर, मध्येच असलेलं ॲनिमेशन. तपासायला सोपं आहे: प्रत्येक ओळीत एक रिकामी चौकट ठेवा, तिसऱ्या ओळीत काहीतरी टाइप करा, पहिली ओळ काढून टाका. मजकूर आपल्या ओळीबरोबर दुसऱ्या जागी गेला तर मांडणी कीड आहे. तो तिसऱ्याच जागी, चौथ्या ओळीच्या नावाखाली बसून राहिला तर नॉन-कीड.

नॉन-कीड मांडणीला काही कामांत कमी कष्ट पडतात. अदलाबदलीत डॉमच्या फांद्या उचलाव्या लागत नाहीत, मजकूर बदलला की झालं. म्हणून एका फ्रेमवर्कचा कोड कीड आणि दुसऱ्याचा नॉन-कीड असेल तर दुसरं फुकटात जिंकतं. हे नकळत होतं. व्ह्यूमध्ये की दिलीच नाही, किंवा स्वेल्टच्या यादी मांडणाऱ्या 'ईच'मध्ये ओळख सांगितली नाही, तर मांडणी आपोआप नॉन-कीड होते. रिॲक्ट इशारा देतं आणि ओळीचा क्रमांकच की धरून चालतं, परिणाम तोच. अँग्युलरच्या १७ व्या आवृत्तीपासूनच्या नव्या 'फॉर'मध्ये ओळख सांगितल्याशिवाय कोड कंपाइलच होत नाही. तेव्हा यादीतला प्रत्येक नमुना आधी या चाचणीतून काढावा आणि मगच घड्याळ लावावं.

त्या प्रकल्पाची आणखी एक रीत उचलण्यासारखी आहे. फ्रेमवर्कला वळसा घालून हाताने डॉम बदलणाऱ्या नोंदींवर तशी खूण केलेली असते. काढून टाकलेलं नाही, लपवलेलंही नाही. शिवाय कुठलंच फ्रेमवर्क नसलेली साध्या जावास्क्रिप्टची ओळ असते. ही ओळ प्रत्येक तुलनेत हवी. तिच्यामुळे दोघांतला फरक मुळात किती क्षुल्लक किंवा किती मोठा आहे हे कळतं.

## आकाराची मोजणी

इथे दोन चुका पुन्हा पुन्हा दिसतात. पहिली, 'रिॲक्ट' नावाच्या पॅकेजचा आकार बघणं. ते जेमतेम काही किलोबाइटांचं आहे. ब्राउझरमध्ये खरं काम करणारं, दहापटीहून जड 'रिॲक्ट-डॉम' वेगळं पॅकेज आहे आणि त्याच्याशिवाय पानावर अक्षरही उमटत नाही. दुसरी, एका ओळीच्या नमुन्यावरून निकाल देणं. रिॲक्टचा सुरुवातीचा बोजा मोठा, पण पुढच्या प्रत्येक कंपोनंटमागे भर थोडी. स्वेल्टची सुरुवात हलकी, पण प्रत्येक कंपोनंटमधून निघालेला कोड बंडलमध्ये, म्हणजे ब्राउझरकडे जाणाऱ्या गठ्ठ्यात, साठत जातो. एक, वीस आणि शंभर कंपोनंट अशा तीन मापांवर, आकुंचित करून आणि गझिपने दाबून लहान केल्यावर मोजा. आणि बांधणी प्रॉडक्शनचीच, म्हणजे वापरणाऱ्यांपुढे जाणारी, हवी. विकासकाळातल्या बांधणीत रिॲक्ट इशाऱ्यांचा कोड सोबत वाहतं, आणि चुका शोधणारा स्ट्रिक्ट मोड लावलेला असेल तर कंपोनंट दोनदा चालवून बघतं. त्यावर मोजलेला वेग कोणाच्याच कामाचा नाही.

## सगळीच घेतली तर बिघडलं कुठे?

प्रत्येक नावामागे एक पूर्ण नमुना लिहावा लागतो, आणि तो त्या फ्रेमवर्कच्या रीतीने लिहावा लागतो. सॉलिडचा कोड रिॲक्टसारखाच दिसतो, म्हणून रिॲक्टचा जाणकार सवयीने प्रॉप्स, म्हणजे बाहेरून आलेली मूल्यं, फंक्शनच्या सुरुवातीलाच सुटी करून घेतो. सॉलिडमध्ये कंपोनंट एकदाच चालतो; सुटी केलेली मूल्यं तिथेच गोठतात आणि पान बदलायचं थांबतं. मग तो ते कसंबसं चालवून घेतो आणि तक्त्यात लिहितो, 'सॉलिड अवघड'. वीस नावं घेतली तर अशी वीस ओझी येतात. जितक्या फ्रेमवर्कचे नमुने त्यांच्या जाणकारांकडून तपासून घेता येतील तितकीच नावं घ्यावीत. एका चमूला हे चार ते सहा नावांपलीकडे सहसा झेपत नाही.

## नव्या फ्रेमवर्कवर हा अन्याय नाही का?

एका अर्थी आहे. १.० ची आणि १२ महिन्यांची अट लावली की एखादी चांगली नवी कल्पना दारातच अडते. त्यावर अट सैल करणं हा उपाय नव्हे, कारण मग आपल्या आवडीच्या एकासाठीच ती सैल होते. अशांची वेगळी 'लक्ष ठेवण्याची' यादी करावी, गुण न देता. गाळलेल्या प्रत्येक नावापुढे गाळण्याचं कारण एका ओळीत लिहावं: 'प्रिॲक्ट, रिॲक्टशी सुसंगत असल्याने वेगळी ओळ नाही', 'एचटीएमएक्स, पानाचे तुकडे सर्व्हरकडून तयार घेतं, सर्व्हर या तुलनेत नाही'. ही ओळ वाचून कोणी हरकत घेतली तर चर्चा अटीवर होते. आणि अटी निकाल बघण्याआधी लिहून तारीख टाकून ठेवाव्यात, नाहीतर हरणाऱ्याला वगळण्यासाठी नवी अट सुचायला वेळ लागत नाही.

## आवृत्ती म्हणजे अर्धं नाव

'स्वेल्ट' असं लिहिणं पुरेसं नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या ५ व्या आवृत्तीने स्टेट लिहिण्याची पद्धतच बदलली. ४ थ्या आवृत्तीवर केलेली तुलना तिला लागू पडत नाही. अँग्युलरची मोठी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते आणि तिला १८ महिने आधार मिळतो. रिॲक्टवरच्या रेमिक्स या मेटाफ्रेमवर्कच्या कल्पना नोव्हेंबर २०२४ मध्ये रिॲक्ट राउटरच्या ७ व्या आवृत्तीत सामावल्या गेल्या, त्यामुळे जुन्या तक्त्यातल्या दोन ओळींची आता एक होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिॲक्टचं काम उभं करून देणारं क्रिएट रिॲक्ट ॲप नव्या कामांसाठी अधिकृतपणे बाद झालं, म्हणजे त्याच्या जोरावर 'रिॲक्ट सुरू करायला सोपं' म्हणणारी ओळही बाद. तक्त्यात प्रत्येक नावापुढे आवृत्ती, वर तारीख आणि खाली पुढच्या तपासणीचा महिना लिहावा. अँग्युलर यादीत असेल तर तो महिना सहा महिन्यांच्या आतलाच पडेल.